गॉगल चालेल, पण कोपराकडे लक्ष हवं

प्लास्टर निघाल्यावर व्हीआर गॉगल (डोळ्यांसमोर आभासी खेळ उभा करणारा चष्मा) लावून व्यायाम केला तर मनगट लवकर मोकळं होतं का, असं वर विचारलंय. आईचं मनगट मोडलं होतं तेव्हा कोथरूडमध्ये फिजिओकडे हे जवळून पाहिलंय, म्हणून लिहितो.

फायदा आहे. दुखेल या धास्तीने माणूस हात हलवतच नाही. खेळात फुगे फोडताना दुखण्यावरचं लक्ष उडतं आणि एरवी कंटाळवाणा वाटणारा व्यायाम जास्त वेळा होतो. पण तळहात कोपराखालून वळला की खांद्यातून, हे त्या खेळाला कळत नव्हतं. आईला तीर्थ घ्यायला तळहात उताणा करता येईना. करायला गेली की कोपर बरगडी सोडून पोटासमोर आणि खांदा वाकडा. तरी गुण मिळत होते. शेवटी फिजिओताईंनी कोपर आणि बरगडीच्या मध्ये नॅपकिनची गुंडाळी धरायला लावली. गुंडाळी पडली की ती फेरी बाद. मग हात खरा वळू लागला.

त्यामुळे घरी हा गॉगल विकत घ्यायची घाई मुळीच करू नका, शेजारी बघणारं माणूस हवंच. चक्कर येत असेल तर बसूनच खेळा. पकड कच्ची असेल तर कंट्रोलर न धरता, कॅमेऱ्याने हात ओळखणारा खेळ मागा. आणि बोटं सुजून कातडी चकचकीत झाली, हाताची आग होऊ लागली, तर खेळ थांबवून लगेच ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा.