वडिलांचं गाव शिरपूर म्हणून स्मिता पाटील खान्देशकन्या?

तापीकाठचा:
१३ डिसेंबर आला की सगळ्या ग्रुपवर सुरू, 'खान्देशकन्या स्मिता पाटील यांना अभिवादन'. अरे जन्म १९५५चा पुण्याचा, शाळा पुण्याची, बातम्या वाचल्या मुंबई दूरदर्शनवर, सिनेमे मुंबईचे, आणि ३१व्या वर्षी गेल्या त्याही मुंबईतच. वडील शिरपूरचे एवढ्यावर खान्देशकन्या? आता एकाने लतादीदींचं आजोळ थाळनेर म्हणून त्यांनाही आपल्यात ओढलंय. ज्यांनी इथं राहून काही उभं केलं ते खान्देशी. जळगावात ठिबक सिंचनाचा कारखाना उभा करणाऱ्या भवरलाल जैनांचं नाव घ्या ना. बाकी सगळी हौस.

थाळनेरची लेक:
दादा, सकाळी वाचलं ते दिवसभर डोक्यातून गेलं नाही म्हणून लिहिते. मास्टर दीनानाथांची पहिली बायको नर्मदा ही आमच्या गावच्या हरिदास लाड शेठजींची मुलगी, ती गेली आणि मग धाकटी शेवंती त्याच घरात दिली, तीच दीदींची आई. एका बापाने दोन लेकी एकाच घरी दिल्या, याला तुम्ही हौस म्हणता? आजीकडून दीदींनी गुजराती गरबे, पावागडची गाणी घेतली, म्हणजे गाणं काय नुसतं बापाकडून आलं का. १९४२ला दीनानाथ गेले तेव्हा दीदी १२ वर्षांच्या, त्या पोरीच्या मागे उभी होती ती आई थाळनेरची होती. आजोळाला काही अर्थच नसेल तर लग्नात मामाचा मान कशाला ठेवलाय आपण? मी २२ वर्षं नाशिकला नांदतेय, सासरी मला आजही 'खान्देशची' म्हणतात आणि माहेरी गेलं की 'नाशिकवाली आली'. तुमच्या हिशोबाने मी कुठलीच नाही.

रावेरची केळी:
ताई राग मानू नका पण मी तापीकाठच्या बाजूने. आमच्या बापाने केळीला पाटाने पाणी दिलं, रात्री दोनला लाईट आली की बॅटरी घेऊन बागेत, पाय चिखलात, सापाची भीती वेगळीच. ठिबकच्या नळ्या आल्या तेव्हा तो माणूस पहिल्यांदा रात्रभर झोपला, मी बघितलंय. भवरलालभाऊंनी १९६३ला घरच्या ७,००० रुपयांवर रॉकेलचा धंदा सुरू केला, वाकोदच्या शेतकऱ्याचं पोरगं, सरकारी नोकरी नाकारून. मुंबईला जाऊन बसले नाहीत. माझा सख्खा भाऊ पुण्यात आहे, बाप आजारी होता तेव्हा चार महिन्यांत दोनदा आला, आणि तिकडं स्टेजवर 'मी मातीतला माणूस' म्हणून भाषण करतो. त्यामुळे जाऊन मोठं झालेल्यांचं कौतुक माझ्याच्याने होत नाही.

शिरपूरकर:
भाऊ, तुमच्या भावाचा राग स्मिताताईंवर काढू नका. त्यांचे वडील शिवाजीराव पाटील स्वातंत्र्यसैनिक, समाजवादी, पुढे मंत्री झाले, सगळं राजकारण शिरपूरच्या जोरावर. पोरगी राष्ट्र सेवा दलाच्या वातावरणात वाढली. जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्या वाचायची, दोन राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ला पद्मश्री, ही धिटाई कुठल्या घरातून आली ते बघा. आणि इथं राहण्याचाच नियम लावायचा तर प्रतिभाताई पाटील १९६२ला जळगावातून आमदार झाल्या, पुढे वर्षानुवर्षं एदलाबाद, म्हणजे आताचं मुक्ताईनगर, २००७ला राष्ट्रपती भवनात गेल्या, मग त्या दिल्लीच्या झाल्या का? अजून एक, भवरलालभाऊंचे पूर्वज राजस्थानातले आणि ठिबक मुळात इस्रायलचं. चाळीसगावचे केकी मूस, जन्म मुंबईचा, विलायतेत शिकून आले आणि आयुष्यभर चाळीसगावच्या त्या बंगल्यात राहून फोटो काढले. मूळ बघायचं का मुक्काम, एकदा ठरवा.

अहिराणी मायबोली:
सोपं आहे जिभाऊ. ज्याला अहिराणी येते तो खान्देशी. बाकी चर्चा बंद.

रावेरची केळी:
झालं! म्हणजे आम्ही बाहेरचे? आमच्याकडे लेवा बोली, तुम्ही 'माले पानी दे' म्हणता, आम्ही 'मले पानी दे'. आसोद्याच्या बहिणाबाई पण आमच्याच बोलीत बोलल्या, त्यांना खान्देशातून काढून दाखवा आधी. दरवेळेस यावल, रावेर, भुसावळवाल्यांना हेच ऐकवायचं.

अहिराणी मायबोली:
बहिणाबाई सगळ्यांच्या आहेत, त्यांना मध्ये आणून भावनिक करू नका. तुमच्या बोलीतल्या बहिणाबाईंचं निदान जळगावच्या विद्यापीठाला नाव मिळालं. मी पुण्याला होस्टेलला होतो, पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये तोंडातून 'माले' निघालं तर आख्खं टेबल हसलं, वर्षभर तेच नाव पडलं मला. मी बोलणंच सोडलं. आता माझ्या पोराला अहिराणीचं एक वाक्य येत नाही आणि तो दोष माझा आहे. म्हणून जीव तुटतो, उगाच नाही.

रावेरची केळी:
हसले ते आम्ही नव्हतो ना पण. मला पण तिकडं 'मले'वरून हसलेत. आणि विद्यापीठाच्या पाटीने बोली टिकत नाही, आमची पोरं पण प्रमाणच बोलतात.

अहिराणी मायबोली:
बरं. 'अहिराणी येते तोच' हे चुकलं माझं, मागे घेतो. पण 'माले' आधीचं, ते सोडणार नाही.

थाळनेरची लेक:
अरे तुम्ही दोघं कुठं निघालात! लाड शेठजींच्या घरात तर गुजराती बोलत होते, मग त्यांना कुठं बसवता? तापीचंच पाणी पीत होते ना ते.

तापीकाठचा:
दिवसभर कामात होतो, आता सगळं वाचलं. प्रतिभाताईंच्या उदाहरणावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि भवरलालभाऊंच्या पूर्वजांचं मी लक्षातच घेतलं नव्हतं. मूळ नाही, मुक्काम हेच माझं मत अजून. पण ताई, आजोळाबद्दल मी जास्त बोललो. माझ्या मामाने मला शिकवलं, फी त्याने भरली, हे लिहिताना विसरलो होतो. स्मिताताईंना 'शिरपूरची नात' म्हणा, माझी हरकत नाही. 'खान्देशकन्या' मी तरी लिहिणार नाही.

थाळनेरची लेक:
नका लिहू, मी लिहीन. दिवाळीला गावी जातेय, आई ८१ची आहे, तिला विचारते शेठजींचं घर नेमकं कुठल्या गल्लीत होतं. सापडलं तर फोटो इथंच टाकते.