वाचनालयाच्या कौलांसाठी खाण्याचा स्टॉल, वडे की घावन?

फणसाची_आठळी:
नमस्कार मंडळी. आमचं गाव देवगड तालुक्यात, वाचनालय ड वर्गाचं (सरकारी प्रतवारीत सगळ्यात खालचं), चिऱ्याची इमारत आणि वर कौलं. 2021 च्या तौक्ते वादळात मागच्या पाखीची कौलं उडाली, वासेही गेले, तेव्हापासून ताडपत्रीवर चाललंय आणि दर पावसाळ्यात पुस्तकं उचलून शाळेत नेऊन ठेवतो (वाळवीचं तर बोलूच नका). सुताराने 90 हजार सांगितलेत. वर्गणी मागायची म्हटलं तर चाकरमान्यांकडून देवळाची, शिमग्याची, गणपतीची आधीच घेतलेली असते, परत मागायला तोंड नाही. म्हणून मे महिन्यात सगळे गावी असतात तेव्हा एक संध्याकाळ स्टॉल लावायचा विचार आहे, पोरं म्हणतात कोंबडी-वडे, आई म्हणते घावन आणि शिरवाळे (तांदळाच्या शेवया, नारळाच्या गोड रसात). कुणी केलंय का असं? पैसे सुटतात की नुसती दमछाक?

खाडीपल्याड:
केलंय, शाळेच्या रंगाला. कोंबडी-वडे नकोच. वडा गरमच लागतो म्हणजे कढई शेवटपर्यंत तापत ठेवायची, कोंबडी उरली तर दुसऱ्या दिवशी कोण घेणार, आणि मे मध्ये लाईट कधी जाईल ते महावितरणलाच माहीत. पण खरी खोट फुकट्यांची. पुढारी आले, बसा बसा. भावजी आले, अहो तुमच्याकडून पैसे कसले घ्यायचे. मंडपवाली पोरं तर घरचीच! रात्री हिशेबाला बसलो, ताटं गेलेली 140 आणि कूपनं 96. पुढच्या वर्षी पहिलं कूपन अध्यक्षांनीच पैसे देऊन फाडलं, सगळ्यांसमोर, मग कुणी फुकट मागितलं नाही.

मालवणी_मसालो:
आमच्याकडे पण ह्याच झाला. माका वाटता कूपना आठ दिवस आधीच इका, म्हणजे तांदूळ किती भिजत घालूचे ता तरी कळात.

परड्यातली:
एक विचारू? खर्चात तांदूळ धरलेत, गॅस धरलात, आमचे हात धरलेत का? मागे आमच्या वाडीत असंच झालं होतं, नारळ घराघरातून फुकट आले, आम्ही बायका पहाटेपासून खवत वाटत बसलो, बाप्ये खुर्ची टाकून कूपनं फाडत होते आणि मग माइकवरून "एवढा नफा झाला". नफा कसला, आमचीच वर्गणी ती, नारळाच्या रूपात दिलेली. शिरवाळे तर विचार करूनच घ्या, उकडलेले गोळे गरम असतानाच साच्यातून दाबावे लागतात, एकटीचं काम नाही, आणि नारळाचा रस उन्हाळ्यात दुपारी काढून ठेवलात तर संध्याकाळी आंबलेला मिळेल. घावन सोपं, पीठ आंबवायची भानगड नाही, दोन बिडाचे तवे आणि चटणी. तव्यावर पुरुषांनाही बसवा की, घावन उलटायला काय पदवी लागते?

रातांबे:
परड्यातली ताईंना अनुमोदन. त्यात एक भर, खाऊन संपणाऱ्या वस्तूंपेक्षा चाकरमानी परत जाताना पिशवीत काय नेतो ते बघा. कोकम सरबत, कुळथाचं पीठ, फणसपोळी, मसाला. हे गावातल्या बचत गटाकडून योग्य भावाने विकत घ्या, वर थोडे पैसे वाचनालयाचे म्हणून लावा आणि तसं स्पष्ट लिहा. गटाकडे एफएसएसएआय (खाद्यपदार्थांची सरकारी) नोंदणी असेल तर बाटलीवर नंबर आणि तारीख असतेच. ऑर्डर मुंबईच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एप्रिलमध्येच घ्या. आणि पैसे टेबलावरच्या डब्यात नको, वाचनालयाच्या खात्याचा क्यूआर लावा, रोख दिली त्याला पावती.

फणसाची_आठळी:
ताई, खरं सांगतो, हात धरलेच नव्हते 😅 आईला तुमचा मेसेज वाचून दाखवला, ती म्हणाली "हीच गो बाय माझी". आता ठरलंय असं: संध्याकाळी फक्त घावन-चटणी, कूपन आधी, वाटणाची मजुरी खर्चात, बाजूला बचत गटाचं टेबल. शिरवाळे आईच्या हट्टापायी पहिल्या 30 जणांनाच, रस ऐन वेळी काढून. कौलं एकदम सगळी होणार नाहीत, पण निदान वासे पावसाआधी बसवू. फक्त एक अडचण, आमच्याकडे शिरवाळ्यांचा लाकडी साचा एकच आहे आणि त्याचा दांडा हलतोय. देवगड-कणकवली बाजूला कुणाकडे दोन दिवसांसाठी मिळेल का?

परड्यातली:
आमचा आहे. पण धुऊन, सुकवून परत.