मदत हवी आहे: सेंट पीटर्सच्या घुमटाच्या मॉडेलमध्ये लोखंडी कड्यांवर ताणच येत नाही

रोमच्या सेंट पीटर्सच्या घुमटाचं मॉडेल करतेय, आतला व्यास सुमारे ४२ मीटर. बांधकाम अखंड आणि लिनिअर इलॅस्टिक (भाराच्या प्रमाणात ताणलं जाणारं, न तडकणारं) धरलंय. स्वतःच्या वजनाखाली कड्यांमध्ये ताण नगण्य येतो. मग गणितज्ञ पोलेनींच्या सल्ल्याने वास्तुकार व्हान्विटेल्लींनी १७४३-४४ मध्ये पाच कडी का बसवली? कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
तुमचा घुमट न तडकलेला आहे, खरा तडकलेला. अर्धगोल पातळ घुमटात माथ्यापासून साधारण ५२ अंशांच्या खाली परिघाच्या दिशेने ओढ येते. तुमच्या मॉडेलमध्ये ती ओढ दगड-वीटच पेलतात, म्हणून कडी मोकळी राहतात. प्रत्यक्षात चुन्याचे सांधे ती पेलत नाहीत, उभे तडे जातात आणि घुमट संत्र्याच्या फोडींसारखा सुटा होतो. प्रत्येक फोड समोरच्या फोडीला टेकलेली कमान होते आणि पायाशी बाहेर रेटते.

म्हणून एकच फोड घ्या, तिचे तुकडे पाडा, वजनं काढा (वरच्या लँटर्नचं, म्हणजे माथ्यावरच्या छोट्या मनोऱ्याचं धरून) आणि दाबरेषा काढा, म्हणजे दाब ज्या वाटेने खाली उतरतो ती रेषा. पोलेनींनी हेच केलं: तुकड्यांच्या वजनांच्या प्रमाणात ३२ वजनं दोऱ्यात ओवून टांगली. उलटी केलेली ती रेषा घुमटाच्या जाडीत बसली. म्हणजे तडे असूनही घुमट उभा राहू शकत होता. कडी हवी होती ती पायथा आणखी पसरू नये म्हणून.

आता कड्यांतली एकूण ओढ = आडवा रेटा × त्रिज्या. समजा रेटा १०० किलोन्यूटन प्रति मीटर, त्रिज्या २१ मीटर: २,१०० किलोन्यूटन. घडीव लोखंड सुरक्षितपणे ८० न्यूटन प्रति चौ. मिमी पेलतं असं धरलं तर २६,२५० चौ. मिमी छेद लागेल. पाच कड्यांत वाटला तर प्रत्येकी ९० × ६० मिमीची पट्टी. आकडे उदाहरणाचे आहेत, रेटा तुमच्या दाबरेषेतूनच घ्या.

प्रतिसाद २
वरच्या गणितात तापमान जोडा. लोखंड दगडापेक्षा दर अंशाला दहा लाखांत ६ भाग जास्त प्रसरण पावतं असं धरलं, तर २० अंशांच्या फरकाने १३२ मीटरच्या परिघावर सुमारे १६ मिमी फरक पडतो, म्हणजे ताणात जवळपास २४ न्यूटन प्रति चौ. मिमी. उन्हाळ्यात कडं सैल, हिवाळ्यात घट्ट. सगळ्यात वाईट स्थिती कडक थंडीची.

आणि छेदापेक्षा सांध्याची काळजी जास्त घ्या. पट्ट्या टोकाच्या डोळ्यांतून (भोकांतून) पाचर ठोकून जोडतात. पाणी तिथेच साठतं, गंजही तिथेच धरतो. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो आणि भोवतीचा दगड फोडतो. जिप्सममध्ये बसवलेलं लोखंड तर फार लवकर जातं. सेंट पीटर्समध्ये घुमट बांधतानाच्या मूळ कड्यांपैकी एक तुटलेलं सापडलं, म्हणून १७४८ मध्ये सहावं घातलं.

धागाकर्ती
पटलं. प्रत्यक्ष दुरुस्तीत तडे आधी ग्राउटने (भेगांत ओतायच्या पातळ मिश्रणाने) भरायचे का?

प्रतिसाद १
आधी नको. निदान एक पूर्ण वर्ष तड्यांवर मापक लावा, ऋतूनुसार तडा उघडणं-मिटणं आणि खरी वाढ वेगळी ओळखू येईल. मग नवं कडं बसवून समोरासमोरच्या सांध्यांवर थोडं थोडं ताणा. जुनं तोवर कापायचं नाही. तडा बंद करण्याचा हट्ट नको, त्यात पडलेले खडे दाबाखाली काठ फोडतात. भराई शेवटी, चुन्याने. सिमेंट कडक पडतं आणि पुढचा तडा शेजारच्या दगडातून जातो.