सातवीच्या गणिताला वर्गाचा ब्लॉग, कुणी चालवलाय का?

सातवी_ब_च्या_बाई:
नमस्कार मंडळी, सातवीला गणित शिकवते, सेमीचा वर्ग, ४२ पोरं. यंदा वर्गाचा ब्लॉग काढावा असं डोक्यात आहे, मी वर्कशीट टाकायला नाही, पोरांनीच लिहायचं. उत्तर बरोबर येतं हो, पण कसं आलं विचारलं की गप्प, नाहीतर "मॅडम तसाच रूल आहे". परवा ऋण गुणिले ऋण धन का यावर एकच पोरगी उठली, फळ्यावर एकाखाली एक लिहिलं (−३)×२ = −६, (−३)×१ = −३, (−३)×० = ० आणि म्हणाली बघा दर वेळी ३ ने वाढतंय, मग (−३)×(−१) ला ३ च यायला पाहिजे ना. पुढचा तास सुरू झाला, फळा पुसला, संपलं! असलं कुठेतरी राहायला हवं. पण मुख्याध्यापक मोबाईलच्या नावाने भडकतात आणि अपूर्णांक टाइप कसे करायचे तेही मला माहीत नाही. सुचवा काहीतरी.

वाळव्याचा_मास्तर:
मॅडम, कराच. रोज एकाची पाळी. कॅनडात विनिपेगला काही गणिताच्या शिक्षकांनी २००५ च्या सुमारास हे सुरू केलेलं, आज तासाला काय झालं ते एकाने ब्लॉगवर लिहायचं आणि उद्या कोण लिहिणार ते त्यानेच ठरवायचं. त्यामुळे मागच्या बाकावरचे पण सुटत नाहीत, दोस्त बरोबर अडकवतात 😄
टाइपिंगच्या नादी लागू नका. वहीत लिहायचं, पानाचा फोटो तुम्ही टाकायचा, पोरांच्या हातात मोबाईल येतच नाही. अकाउंटही तुमचंच, १३ च्या खालच्या पोरांना गुगलचं अकाउंट आपलं आपण काढता येत नाही.

पालक_डोंबिवली:
पालक म्हणून सांगतो, राग मानू नका. मुलाच्या आधीच्या शाळेत असलंच काहीतरी होतं, निम्मं आयांनी लिहिलेलं आणि उरलेलं चॅटजीपीटीने, सगळ्यांचं एकसारखं गुळगुळीत. वर मुलांचे फोटो, पूर्ण नाव, तुकडी सगळं उघड्यावर! २०२३ च्या डेटा कायद्यात १८ खालचा प्रत्येक जण लहान मूलच धरलाय, आईवडिलांची संमती लागते. ते कसं करणार?

वाळव्याचा_मास्तर:
बरोबर बोललात साहेब. नाव नाही, चेहरा नाही, फक्त पान. ब्लॉगर (गुगलची ब्लॉगची सोय) वरचा ब्लॉग खाजगी ठेवता येतो, १०० जणांपर्यंत बोलावता येतं, ४२ घरं आरामात बसतात. संमती मात्र पहिल्या पालकसभेतच लेखी घ्यायची. आणि लिहायचं वर्गातच, शेवटची दहा मिनिटं, घरी न्यायचंच नाही म्हणजे आया पण सुटल्या.

गुणिले_भागिले:
सेटिंग वगैरे ठीक आहे, खरी मेख प्रश्नात आहे. "आज काय शिकलो" असं विचारलंत तर "आज आम्ही एलसीएम शिकलो, खूप मज्जा आली" याच्यापुढे गाडी जाणार नाही. मी विचारलेलं, मित्राने १/२ + १/३ = २/५ लिहिलंय, नियम न सांगता त्याला पटवून दे. एकाने लिहिलं, "अर्धी भाकरीच २/५ पेक्षा मोठी, त्यात अजून तुकडा घातला तर कमी कशी होईल". तीन ओळी, पण मी छेद समान करायला शिकवताना आता तिथूनच सुरुवात करते. दुसरा, विहीर खणायला ६ मजुरांना १० दिवस लागतात तर ६०० मजुरांना किती? गणिताने दिवसाचा दहावा भाग येतो आणि मग कमेंटमध्ये जी जुंपली, एक म्हणतो एवढे लोक त्या विहिरीत उभे तरी राहतील का! व्यस्तप्रमाण कुठपर्यंत चालतं हे मी शिकवायच्या आधी त्यांनीच काढलं.
हो, कमेंटला "छान" "मस्त" बंद. एकतर प्रश्न विचारायचा, नाहीतर दुसरी रीत दाखवायची. पोरं चिठ्ठीवर लिहून देतात, मी टाकते.

सातवी_ब_च्या_बाई:
भाकरीवाला उद्याच ढापते 🙏 पण याला मार्क द्यायचे का? नाही दिले तर पोरं लिहिणार नाहीत, दिले तर घाबरून चुका लपवणार.

गुणिले_भागिले:
बरोबर-चूक वर अजिबात नको. आकारिकच्या, म्हणजे वर्षभराच्या मूल्यमापनाच्या, नोंदीत उपक्रम म्हणून धरा, पाळी आली आणि लिहिलं की झालं. मुख्याध्यापकांनाही हेच सांगा, मोबाईल हा शब्दच काढू नका.