सामन्यावरून शिव्या पडल्या तर पंचाने ग्रुपवर उत्तर द्यावं का?

रेशीमबागकर: परवा आमच्या भागात पोरांच्या कबड्डीचा उपांत्य सामना झाला. शेवटच्या चढाईत पंचाने बोनस गुण नाकारला, संघ एका गुणाने हरला. रात्री मोबाइलवरचा व्हिडिओ सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. पंचाने स्वतःच उत्तर टाकलं, "आधी नियम शिका." मग कुणीतरी त्याचा जिंकलेल्या संघाच्या प्रशिक्षकासोबतचा जेवणाचा जुना फोटो शोधून काढला. निर्णय बरोबरच होता. समोर बचावाचे सहा जण मैदानात होते म्हणजे बोनस मिळू शकत होता, पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे होता, पण मागचा पाय हवेत लागतो आणि त्याचा अंगठा मॅटला टेकलेला स्पष्ट दिसतो. आता ते कोण बघणार? माझं म्हणणं, पंचाने स्वतःच्या सामन्यावर ऑनलाइन अक्षरही लिहू नये. संघांच्या पोस्टला लाइकसुद्धा देऊ नये.

मानकापूरचा गडी: काऊन गप्प बसावं त्यानं? लोक घरच्यांवर जाऊन राहिले अन् त्यानं ऐकून घ्यावं? २०२३ च्या रग्बी विश्वचषक अंतिम सामन्यातला टीव्ही पंच टॉम फॉली. ऑनलाइन इतका त्रास झाला की त्यानं आंतरराष्ट्रीय सामनेच सोडले. शिव्या देणाऱ्यांना आवरा ना आधी.

रेशीमबागकर: आवरायलाच हवं, तक्रारही करावी. पण उत्तर दिलं की पंच एका बाजूचा होतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलमधला पंच डेव्हिड कूट आठवा. लिव्हरपूल संघाला आणि त्यांच्या माजी प्रशिक्षकाला, क्लॉपला, शिव्या देतानाचा त्याचा खाजगी व्हिडिओ नोव्हेंबर २०२४ मध्ये बाहेर आला, डिसेंबरात नोकरी गेली. खाजगी ग्रुपवरचंही बाहेर येतंच.

अजनीची पंच: मी स्वतः पंच आहे. लाइकचा नियम मला पटत नाही. नागपुरातले निम्मे प्रशिक्षक आमच्यासोबत खेळलेले, लग्नाकार्यात भेटणारच, फोटो निघणारच. आता घाईघाईने फोटो पुसला तर उलट चोर ठरतो माणूस. त्यापेक्षा ओळखीचा संघ असेल तर सरपंचाला, म्हणजे कबड्डीतल्या मुख्य पंचाला, आधीच सांगून तो सामना सोडावा. मी तेच करते. नियम समजावणारे व्हिडिओही टाकते, पण स्पर्धा संपल्यावर आणि कुठल्याही संघाचं नाव न घेता. "नियम शिका" हे मात्र चुकलंच. समोर सोळा-सतरा वर्षांची पोरं आहेत.

चढाईवाल्याचा बाप: ती चढाई माझ्या पोट्ट्याची. रात्रभर तोच व्हिडिओ पाहत बसला. मागचा पाय टेकला होता, एवढंच कुणी लिहिलं असतं तर त्यानं ऐकलं असतं. पंचानं गप्प बसावं म्हणता, मग सांगणार कोण?

रेशीमबागकर: दादा, आयोजकांनी. सरपंचाला विचारून त्याच रात्री दोन ओळी त्यांच्या नावाने टाकायला हव्या होत्या.

चढाईवाल्याचा बाप: आयोजकांना दोनदा फोन लावला, उचलला नाही. ग्रुपवर उत्तर देणारा पंच एकटाच होता.