'पायथॉनिक' म्हणजे नक्की काय?

नवखा_डेव्ह:
मंडळी, एका ओपन सोर्स पायथॉन लायब्ररीत छोटासा पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल घ्या अशी विनंती) टाकला होता, टेस्ट सगळ्या पास, आणि मेंटेनरची, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्याची, कमेंट काय तर "हे फारसं पायथॉनिक नाहीये". बास. कुठे नाहीये, का नाहीये, काही नाही. आउटपुट तर बरोबर येतंय. हा शब्द नक्की कोणत्या अर्थाने वापरतात? सुंदर? छोटा? फास्ट? आणि मराठीत काही म्हणता येईल का याला?

सावजी_रस्सा:
कोड तर दाखव ना भाऊ, न पाहता काय सांगू.

नवखा_डेव्ह:
साधा लूप आहे हो. नावांची लिस्ट होती, तिची लेन (लांबी) घेतली, ती रेंजमध्ये टाकून तेवढे क्रमांक काढले आणि मग आय हा क्रमांक वापरून एकेक नाव उचललं. जावातून आलोय, तिथे वर्षानुवर्षं असंच लिहीत होतो.

पारावरचा_पायथॉन:
हां, मग मेंटेनरचं बरोबर आहे, फक्त सांगायची पद्धत आळशी. पायथॉनचा फॉर मुळातच तुमच्या हातात नाव देतो, नंबर नाही. 'फॉर नाव इन यादी', संपलं. (पायथॉन 3 मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत 'नाव' असं खरंच ठेवता येतं, पण पीआरमध्ये करू नका, अजून एक कमेंट येईल.) नंबरही पाहिजे असेल तर एन्युमरेट आहे, दोन लिस्ट बरोबर चालवायच्या असतील तर झिप आहे. तुम्ही लिहिलंय ते चूक नाही, चालतंच. पण कोणी "मी एक शिक्षक आहे" म्हटलं तर व्याकरण चुकतं का? नाही चुकत, तरी तो 'एक' इंग्रजीतून आलाय हे कान लगेच सांगतो, आपण "मी शिक्षक आहे" म्हणून मोकळे होतो. तुमचा रेंज आणि लेन म्हणजे जावातून आलेला तो 'एक' आहे. मराठी वळणाचं वाक्य असं आपण म्हणतोच, तसं मी 'पायथॉनी वळणाचा कोड' म्हणेन.

आणि छोटा म्हणजे पायथॉनिक हे डोक्यातून काढा. लिस्ट कॉम्प्रिहेन्शन, म्हणजे एका ओळीत लूप चालवून नवी लिस्ट बनवणं, 2000 साली पायथॉन 2.0 मध्ये आलं, छान सोय आहे, पण लोक त्यात तीन फॉर आणि दोन इफ कोंबून एका ओळीत बसवतात आणि वर म्हणतात बघा किती पायथॉनिक. वाचणाऱ्याला घाम फुटतो राव.

खवचट_कावळा:
वळण वगैरे ठीक आहे हो, पण ठरवणार कोण? पायथॉन घडवणाऱ्यांपैकी टिम पीटर्सने 1999 मध्ये ती 'झेन ऑफ पायथॉन' नावाची, कोड कसा असावा याची सूत्रं लिहिली, 20 आहेत म्हणाला आणि लिहिली 19. त्यात म्हणतो की कुठलीही गोष्ट करायची एकच उघड पद्धत असावी, आणि त्याच सूत्रांत डॅश मात्र वेगवेगळ्या पद्धतीने टाकलेत. 'इम्पोर्ट धिस' केलं की ती सूत्रं छापून येतात ना, त्या धिसची फाईल एकदा उघडून बघा. सगळा मजकूर रॉट 13 मध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षर 13 घरं पुढे सरकवलेलं, आणि तो उलगडायला डी, सी, एस असल्या एकाक्षरी नावांचा कोड. मी पीआरमध्ये पाठवला असता तर हाकललं असतं.

पुढे ऐका. पेप 8, म्हणजे पायथॉनची अधिकृत लेखनशैली, म्हणतं फंक्शनची नावं लहान अक्षरात, मध्ये अंडरस्कोअर. मग पायथॉनसोबतच येणाऱ्या स्टँडर्ड लायब्ररीतच टेस्ट लिहायच्या युनिटटेस्टमध्ये 'असर्टइक्वल' आणि लॉगिंगमध्ये 'गेटलॉगर' ही उंटासारखी मधेच मोठं अक्षर असलेली नावं काय करतायत? दिव्याखाली अंधार.

पारावरचा_पायथॉन:
कावळेबुवा, मुद्दा मान्य, पण तेच तर उत्तर आहे. युनिटटेस्ट जावाच्या जेयुनिटवरून बेतलेलं, 2001 मध्ये आत आलं, सोबत जावाचं वळण घेऊन आलं. आता नावं बदलली तर जगभरचा कोड मोडेल, आणि पेप 8 मध्येच लिहिलंय की केवळ नियम पाळायला म्हणून जुना चालता कोड मोडू नका. लोकांनी मग काय केलं, पायटेस्ट या टेस्टच्या दुसऱ्या लायब्ररीकडे गेले, तिथे साधा असर्ट लिहिला की झालं. वेबवरून पानं आणणाऱ्या रिक्वेस्ट्स लायब्ररीचंही तसंच, 2011 मध्ये आली तेव्हा स्टँडर्ड लायब्ररीत युआरएललिब 2 होतंच की, पण पासवर्ड लागणारं एखादं पान आणायला त्यात हँडलर, ओपनर असा गोतावळा जमवावा लागायचा, इथे 'गेट'ला नाव-पासवर्डची जोडी द्यायची की झालं. लोक ज्याला पायथॉनिक म्हणतात ते बऱ्याचदा असं वापरून वापरून ठरतं.

ठरवताना भांडणंही होतात. वॉलरस आठवा, एखाद्या अटीच्या मधेच व्हेरिएबलला किंमत देणारं ते चिन्ह, कोलन आणि बरोबरचं चिन्ह जोडून केलेलं, आडवा पाहिला तर डोळे नि सुळे दिसतात म्हणून वॉलरस. अर्धे म्हणत होते हे पायथॉनिक नाहीच, अर्धे म्हणत होते दोन ओळी वाचतात. वाद इतका चिघळला की खुद्द पायथॉनचा जनक खीदो व्हान रोसमने तो प्रस्ताव मंजूर केला आणि जुलै 2018 मध्ये भाषेच्या अंतिम निर्णयाची जबाबदारीच सोडली. 2019 मध्ये पायथॉन 3.8 बरोबर वॉलरस आला, आणि आज तो दिसला तर कोणी दचकत नाही. म्हणजे शब्द तोच, अर्थ सरकतो.

मधलीसुट्टी:
विषयाला धरूनच एक शंका. रिव्ह्यूमध्ये 'निट' लिहून पुढे कोलन असतो ते काय असतं? मी आपली 'नीट कर' असं वाचत होते 😅

खवचट_कावळा:
ताई, निट म्हणजे लीख. उवेचं अंडं. लिखा वेचत बसण्यासारखी बारीक सूचना, केलीत तर बरं, नाही केलीत तरी मर्ज, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये घेणं, अडणार नाही. आपल्याकडे कीस काढणे म्हणतात ते. ओळ 79 अक्षरांची असावी की लांब चालेल यावर पूर्वी असल्या लिखांचा खच पडायचा, आता 2018 पासून ब्लॅक हे कोड आपोआप नीट मांडणारं टूल आहे, ते 88 वर मोडतं आणि कुणाचं ऐकत नाही, त्यामुळे तो धंदा बसला.

मधलीसुट्टी:
ई! आता प्रत्येक पीआरला डोकं खाजणार.

पारावरचा_पायथॉन:
नवखा, मेंटेनरला सरळ विचारा, कोणती ओळ आणि तिथे भाषेतली कोणती सोय वापरू. उत्तर देता आलं तर तो 'पायथॉनिक' शब्द खरा. नाही देता आलं तर ती त्याची आवड आहे, रेपो त्याचा आहे, ऐकावी लागेल, पण मग त्याला आवड म्हणायचं.

नवखा_डेव्ह:
विचारलं. एन्युमरेट वापर म्हणाला, वापरलं, छान दिसतंय खरं. आता नवी कमेंट आलीये: निट, आय मध्ये 1 कशाला मिळवतोस, एन्युमरेटला स्टार्ट 1 दे.

सावजी_रस्सा:
दे मंग. बरोबर सांगून राहिला तो.