एसी लावला की गाडीत कुबट वास येतो, गॅस भरू की कॉइल काढू?

घाटवाट_चिपळूण
नमस्कार मंडळी. आमची पेट्रोल हॅचबॅक आहे, सेकंड हँड घेतलेली. पाऊस सुरू झाल्यापासून एसी लावला की पहिली दोन-तीन मिनिटं ओल्या गोणपाटासारखा वास मारतो, मग कमी होतो आणि एसी बंद करून नुसता ब्लोअर ठेवला की परत तेच. बाबांना दमा आहे, त्यांना घेऊन कुंभार्ली घाटातून कराडला जावं लागतं आणि पावसात काचा खाली घेता येत नाहीत, त्यामुळे ते बसल्या बसल्या खोकायला लागतात. जेलचा परफ्यूम ठेवून बघितला तर दोन्ही वास एकत्र होऊन मळमळायलाच लागलं. एक गॅरेजवाले म्हणतात गॅस भरा, दुसरे म्हणतात अख्खा डॅशबोर्ड उतरवून कूलिंग कॉइल काढावी लागेल. गारवा मात्र छान आहे. कुणाचं ऐकू?

गॅरेज_कोल्हापूर
ताई, आधी दोन्ही कामं थांबवा. गॅस कमी झाला तर गारवा कमी होतो, कुबट वास येत नाही, आणि तुमचा गारवा तर चांगला आहे मग गॅस कशाला भरायचा? डॅशबोर्ड उतरवणं हा अगदी शेवटचा उपाय, एकदा उतरवला की पुढे क्लिपा सैल होऊन खडखडाट सुरू व्हायची भीती असते.

होतं काय की डॅशबोर्डच्या आत जी कूलिंग कॉइल असते ती थंडगार असते, तिच्यावरून दमट हवा गेली की पाणी सुटतं आणि ते खालच्या ट्रेमधून ड्रेन पाईपने रस्त्यावर पडतं, एसी चालू असताना गाडीखाली थेंब पडतात ते हेच. आता तुम्ही घरी पोचल्यावर थेट इंजिन बंद केलं की ती कॉइल तशीच ओली राहते, वर धूळ बसलेली असतेच, बंद अंधारी जागा, कोकणातली हवा, बुरशी धरणारच. दुसऱ्या दिवशी ब्लोअर लावला की पहिला झोत त्या बुरशीवरूनच येतो. म्हणून सुरुवातीला वास जास्त आणि नंतर कमी.

पहिलं काम केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करा, दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली येतो, मागे एक आडवं झाकण दिसेल त्यात फिल्टर असतो. बहुतेक गाड्यांत असंच आहे पण काही बेस मॉडेलला फिल्टरच नसतो, नुसती जागा असते, तेव्हा बघून घ्या. काळा पडला असेल तर झटकून परत लावू नका, नवीन टाका, आणि त्याच्यावर हवेच्या दिशेचा बाण असतो तो बघून बसवा.

ठाणे_पनवेल_रोजचा
वरच्या दादांशी सहमत. फक्त फिल्टर बदलून भागत नाही हे मात्र लक्षात ठेवा, कारण बुरशी कॉइलवर आहे आणि फिल्टर तिच्या अलीकडे. मी रोज असं करतो की घर यायच्या चार-पाच मिनिटं आधी एसीचं बटण बंद, ब्लोअर चालूच, आणि रिसर्क्युलेशन, म्हणजे आतलीच हवा फिरवायचं बटण, काढून बाहेरची हवा आत घ्यायची. कॉइल वाळते. मुसळधार पाऊस असेल तर बाहेरची हवाच ओली असते मग नीट वाळत नाही, तेव्हा उभ्या गाडीत काचा थोड्या खाली घेऊन हीटर फुल आणि ब्लोअर फुल दहा मिनिटं. इंजिन चालू राहणार म्हणून हे उघड्यावर करा, बंद गॅरेजमध्ये अजिबात नको. आणि त्या वेळी बाबांना गाडीत बसवू नका, सुरुवातीचा वास फार उग्र असतो.

बरेच जण वर्षभर रिसर्क्युलेशनवरच गाडी चालवतात, आतली दमट हवा आतच फिरत राहते आणि पावसाळ्यात काचांवर धुकंही त्यामुळेच जास्त धरतं.

सातारी_डिझेल
ताई एक महत्त्वाचं विचारतो, डाव्या सीटपुढचं मॅट उचलून खालचं कार्पेट हाताने दाबून बघितलंत का? ओलं लागलं तर ड्रेन पाईप चोंदलाय आणि पाणी रस्त्यावर पडायच्या ऐवजी आत येतंय, किंवा पुढच्या काचेखाली वायपरपाशी जी जाळी असते तिथे पानं साचून पावसाचं पाणी आत शिरतंय. ड्रेन खालून हवेच्या हलक्या दाबाने साफ करून घ्या, तार खुपसू देऊ नका, आत कॉइल आहे, भोक पडलं की मोठा खर्च. कार्पेटचं पाणी चिकट आणि वास गोडसर असेल, आतून काचेवर तेलकट थर येत असेल, तर मामला वेगळा, हीटरमधून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) गळतंय, ते लगेच दाखवा.

आणि गाडी सेकंड हँड आहे म्हणून सांगतो, घाबरवायचं नाहीये. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय. तशी गाडी वरून कितीही चकाचक केली तरी कार्पेटखालच्या फोममध्ये गाळ राहतो. सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघा चिखलाची रेघ आहे का, सीटखालच्या पट्ट्यांना गंज आहे का, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का. यातलं काही सापडलं तर एसी कितीही धुतला तरी वास जाणार नाही, सीटा आणि कार्पेट बाहेर काढून उन्हात वाळवावंच लागेल.

घाटवाट_चिपळूण
सगळ्यांचे मनापासून आभार. बेल्ट स्वच्छ आहेत, गाळ कुठेच नाही, कार्पेटही कोरडं आहे. फिल्टर मात्र उघडला तर काळाकुट्ट, वर आंब्याच्या मोहराचा भुगा आणि पानांचे तुकडे. गाडी झाडाखालीच लावतो आम्ही. नवीन मागवलाय. पण कॉइलवर जी बुरशी आहे तिचं काय करू? दुकानात फोमचा स्प्रे मिळतो तो चालेल का?

गॅरेज_कोल्हापूर
चालतो, पण एसी इव्हॅपोरेटरसाठीचाच, म्हणजे याच कूलिंग कॉइलसाठीचा घ्या, घरातली फिनाईल-डेटॉल तिथे मारू नका, दम्याच्या माणसाला तर नकोच. इंजिन बंद ठेवून लांब नळीने फिल्टरच्या जागेतून किंवा खालून ड्रेनमधून फोम कॉइलवर सोडतात, ब्लोअरच्या मोटरवर आणि वायरिंगवर जाऊ द्यायचा नाही. कॉइल नेमकी कुठे आहे माहीत नसेल तर हे काम कारागिराकडून समोर उभं राहून करून घ्या. डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ थांबा, खालून मळकट पाणी गळेल, मग चारी दारं उघडून ब्लोअर फुल. नवीन फिल्टर हे सगळं झाल्यावर लावा, आधी लावलात तर तोही भिजेल. बाबांना त्या दिवशी बसवू नका, दुसऱ्या दिवशी न्या.

घाटवाट_चिपळूण
बरं झालं सांगितलंत, मी आधी फिल्टरच लावणार होते. कार्बनवाला घेऊ का साधा?

ठाणे_पनवेल_रोजचा
घाटात ट्रकच्या मागे धूर बराच खावा लागतो, तुम्ही कार्बनवालाच घ्या, थोडा महाग पडतो पण बाहेरचा वास बराच अडवतो. कॉइलचा वास तो अडवत नाही, म्हणून एसी आधी बंद करायचं तेवढं चालू ठेवा. आणि मोहर गळायचा सीझन संपला की दर वर्षी एकदा झाकण उघडून बघत जा, झाडाखाली लावता म्हणजे किलोमीटर मोजत बसू नका.